पेनफोल्डांचे गमबूट

ग्लेनिस प्रॉसरला जे सांगायचं होतं ते एका वाक्यात मावत होतं. ‘यापुढे कॉटेज भाड्याने द्यायचं नाही, माझी लेक तिथे राहायला येतेय.’ बस्स, एवढंच. गेल्या तीन आठवड्यांत हे वाक्य तिने कोंबड्यांना म्हणून दाखवलं होतं, मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याला म्हणून दाखवलं होतं, आणि कपडे वाळत घालताना उशांच्या अभ्र्यांनाही ऐकवलं होतं. कोणीही हरकत घेतली नव्हती. आता ते फक्त पेनफोल्ड मंडळींना सांगायचं राहिलं होतं, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

पेनफोल्ड मंडळी म्हणजे ह्यू, त्याची बायको फिलिपा आणि त्यांची एकुलती एक टॅम्सिन. दर ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चारला त्यांची गाडी रेडिंगहून प्रॉसरांच्या श्रॉपशरमधल्या शेतावर यायची, आणि पुढच्या शनिवारी सकाळी दहाला निघायची. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. टॅम्सिन पहिल्यांदा आली तेव्हा तीन वर्षांची होती. आता ती एकवीस वर्षांची होती आणि पायरीवर बसून वडिलांच्याच चेहऱ्याने चहा प्यायची.

त्यांचे गमबूट तर परत जायचेच नाहीत. “एवढ्या लांब न्यायचे-आणायचे कशाला?” असं ह्यू पहिल्या वर्षी म्हणाला, तेव्हापासून ते डॅमसन कॉटेजच्या दारातल्या लाकडी मांडणीवर मुक्कामाला होते. ह्यूचे हिरवे, फिलिपाचे निळे, टॅम्सिनचे काळे, आणि अगदी कडेला टॅम्सिनचे तिसऱ्या वर्षीचे लाल, वीतभर उंचीचे. ते कोणाच्याच उपयोगाचे नव्हते, पण हलवायचे कोणी? वर्षभर इतर पाहुणे येत, जात. त्यांना ग्लेनिस पहिल्याच दिवशी बजावायची की बाकी काहीही वापरा, त्या बुटांना हात लावू नका.

आणि निघताना चावी परत देताना ह्यू म्हणायचा, “मग पुढच्या ऑगस्टला, नेहमीप्रमाणे?”

ग्लेनिस म्हणायची, “नेहमीप्रमाणे.”

झालं आरक्षण. कागद नाही, सही नाही. पण ग्लेनिसने एकदा ‘नेहमीप्रमाणे’ म्हटलं की ती काळ्या दगडावरची रेघ. पुढे आभाळ कोसळलं तरी तो आठवडा पेनफोल्डांचा. तिच्या लेकीने, लॉर्नाने, हे चांगलंच भोगलं होतं.

लॉर्नाची नवऱ्याशी फारकत झाली होती. दीड वर्षाच्या नेडला घेऊन ती वुल्व्हरहॅम्प्टनला एका दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होती आणि त्या खोल्या महिनाअखेरीला सोडायच्या होत्या. गावातल्या शाळेत तिला सप्टेंबरपासून नोकरी मिळत होती. दुसरी नोकरी लीड्सला होती, तिथे एक मैत्रीण राहायला जागाही देत होती. शाळा घरापासून दहा मिनिटांवर आणि लीड्स साडेतीन तासांवर. लीड्सला गेलेला नेड वर्षातून दोनदा दिसणार, आणि त्यातही एकदा त्याला सर्दी असणार, हा हिशेब ग्लेनिसचा मनात कितीतरी वेळा मांडून झाला होता.

“मी येते, आई,” लॉर्ना फोनवर म्हणाली होती. “पण आधी त्यांना सांग.”

“सांगते की.”

“तोंडावर सांग. माझं लग्न तू त्यांच्यापायी तीन आठवडे पुढे ढकललं होतंस.”

“सप्टेंबरात हवा चांगली असते म्हणून ढकललं होतं.”

“तंबू उडून नदीत गेला, आई. माझी सासू त्याच्यामागे धावत होती.”

“त्या सासूचं आता काय घेऊन बसलीस?”

“तेच म्हणतेय मी. सासू गेली, नवरा गेला, पेनफोल्ड आहेत तिथेच आहेत. तू नाही सांगितलंस तर पुढच्या ऑगस्टला मला आणि नेडला आठवडाभर खुराड्यात झोपायला पाठवशील. तुला मी ओळखते. ते गेले की हो किंवा नाही सांग. सोमवारी मला लीड्सला कळवायचंय.”

हे सगळं ग्लेनिसने नवऱ्याला सांगितलं. आयव्हर प्रॉसर कमी बोलायचा आणि जे बोलायचा त्याने डोकं उठायचं.

“कॉटेज आपलं आहे ना?” त्याने विचारलं.

“आहे.”

“मग?”

“मग काय मग? मेंढ्यांशी बोलून बोलून तुला माणसांशी कसं बोलायचं ते कळेनासं झालंय.”

“मेंढ्यांना मी सांगतो आणि त्या जातात,” आयव्हर म्हणाला आणि बूट चढवून निघून गेला.

शनिवारी चारला गाडी आली. ग्लेनिस लिंबाचा केक घेऊन उभीच होती. आल्या आल्या सांगून टाकायचं, म्हणजे आठवडा मोकळा, असं तिचं ठरलं होतं. फिलिपा गाडीतून उतरली, डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, “मिसेस प्रॉसर, काय सांगू तुम्हाला, वर्षभर मी या क्षणाची वाट बघते.”

ग्लेनिसने केक पुढे केला.

रविवारी पाहुणे प्रवासाने दमलेले असतील म्हणून तिने काही सांगितलं नाही. सोमवारी पाऊस होता, आणि पावसात वाईट बातमी देणं बरं दिसत नाही. मंगळवारीही पाऊस होता, पण मंगळवारी तिने नवीन युक्ती काढली. पाहुण्यांनी एखादी तक्रार करावी, म्हणजे तोच धागा धरून म्हणता येईल की हो ना, घर जुनं झालंय, आता भाड्याने द्यायचं बंदच करतोय. तक्रार कसली का असेना. म्हणून ती अंडी घेऊन वर कॉटेजवर गेली.

ह्यू जिन्यावरून खाली येत होता. त्याच्या हातात भांडी घासायचा पसरट टब होता आणि त्यात काठोकाठ पाणी.

“सगळं ठीक आहे ना, मिस्टर पेनफोल्ड?” ग्लेनिसने आशेने विचारलं.

“उत्तम!” ह्यू म्हणाला. “मी जरा पाय शेकत होतो.”

“वरच्या खोलीत?”

“तिथून दृश्य छान दिसतं.”

बाहेर धुक्यात समोरचं कुंपणसुद्धा दिसत नव्हतं. ग्लेनिसने ते सोडून दिलं. तेवढ्यात न्हाणीघरातून टॅम्सिन बाहेर आली. डोक्याला टॉवेल, ओठ निळे, दात एकमेकांवर आपटताहेत.

“पाणी गरम येतंय ना गं?”

“ह-ह-हो, भ-भरपूर,” टॅम्सिन म्हणाली.

“चुलीचा धूर वगैरे?”

“धुराचा वास मला फार आवडतो,” डोळे पुसत फिलिपा स्वयंपाकघरातून म्हणाली.

ग्लेनिस हिरमुसून परत आली. देवाने माणसं इतकी समाधानी घडवायला नको होती. आयव्हरला म्हणाली, “एक शब्द वाकडा निघत नाही त्यांच्या तोंडून. हे घर त्यांना जिवापाड आवडतं रे. कसं हाकलू मी त्यांना?”

“गरम पाण्याचा बंब बंद करून ठेव.”

“लाज नाही वाटत?”

“बंद करायची तरी काय गरज आहे म्हणा,” आयव्हर म्हणाला, पण त्याचं बोलणं ऐकायची ग्लेनिसला सवय नव्हती.

बुधवारी लॉर्ना येऊन टपकली. कडेवर नेड, खिशात मोजपट्टी. वरच्या छोट्या खोलीत नेडचा पलंग मावतो का ते बघायचं होतं. ग्लेनिस तिला दारातच अडवायला धावली, पण लॉर्ना सरळ वर चालू लागली होती. “तू सांगितलंस ना त्यांना?” तिने विचारलं, आणि आईचा चेहरा बघून म्हणाली, “वाटलंच मला. बरं, मी नुसतं मोजते, तोंड उघडत नाही. ते तुझं काम.”

दार ह्यूने उघडलं. ग्लेनिस घाईघाईने म्हणाली, “लॉर्नाला जरा भिंतीची ओल मोजायचीय.”

ओल मोजपट्टीने मोजत नाहीत हे जगात कोणालाही ठाऊक असतं. ह्यू तर इमारतींचे नकाशे काढण्यात जन्म घालवलेला माणूस. त्याने एकवार मोजपट्टीकडे पाहिलं, एकवार नेडकडे पाहिलं, आणि म्हणाला, “मी दुसरं टोक धरू का?”

आणि खरंच धरलं. दोघं गुडघ्यांवर बसून भिंत मोजत होते आणि ग्लेनिस दारात उभी राहून मनातल्या मनात जमिनीत जात होती.

“एक मीटर बेचाळीस,” ह्यूने वाचलं. मग तो घसा खाकरून म्हणाला, “ओल मोजायची तर या खिडकीखाली मोजू नका. त्या पलीकडच्या भिंतीला मोजा. ती भिंत मला जास्त... ओलीसाठी योग्य वाटते.”

“बरं,” लॉर्ना म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

खाली नेडने मांडणीवरचे लाल गमबूट ओढून काढले होते आणि एका बुटात दोन्ही पाय घालून तो जमिनीवर आडवा झाला होता. टॅम्सिन त्याला ओढून काढत होती, फिलिपा बघत होती.

“मग, लॉर्ना, सध्या काय करतेस?” फिलिपाने विचारलं.

“सप्टेंबरपासून शाळेत लागणार आहे. बहुतेक.”

“कुठल्या?”

लॉर्नाने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं.

“इथल्याच,” लॉर्ना म्हणाली.

“वा, छान!” फिलिपा म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. ग्लेनिसचा जीव भांड्यात पडला. कळलं नाही बुवा यांना, ती स्वतःशी म्हणाली, आणि लगेच तिच्या लक्षात आलं की कळायलाच हवं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी पेनफोल्ड प्रॉसर पतिपत्नीला शेरी प्यायला बोलवायचे, हेही एकोणीस वर्षांचं. आयव्हर वर्षातून एकदा टाय बांधायचा तो याच दिवशी. चौघं चार खुर्च्यांवर बसले. मेंढ्यांविषयी बोलून झालं, रस्त्यावरच्या नव्या खड्ड्यांविषयी बोलून झालं, कोणाची कंबर दुखते आणि कोणाचा गुडघा ते सांगून झालं. एकोणीस वर्षांत कोणी कोणाला पहिल्या नावाने हाक मारली नव्हती. घाई काय होती?

मग विषय संपले. हीच वेळ आहे. ग्लेनिसने पेला खाली ठेवला.

“मिसेस पेनफोल्ड, मला जरा एक सांगायचं होतं.”

“अगंबाई,” फिलिपाही पुढे सरकली. “आम्हालाही तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“मग तुम्ही आधी.”

“छे छे, तुम्ही सुरुवात केलीत.”

“पण तुम्ही पाहुण्या.”

“पण घर तुमचं.”

ह्यूने खिडकीकडे पाहिलं. आयव्हरने टाय सैल केला.

“माझं काही एवढं विशेष नव्हतं,” ग्लेनिस म्हणाली.

“आमचंही तसं काही नव्हतं,” फिलिपा म्हणाली. “आणखी थोडी शेरी?”

घरी परतताना आयव्हर अंधारात नुसता चालत होता. बायकोच्या रागापुढे त्याला तो निसरडा उतार सोपा वाटत होता.

“बोल की काहीतरी!” ग्लेनिस कडाडली. “मुखदुर्बळ म्हण, भित्री म्हण! नातू चाललाय लीड्सला आणि आजी शेरी पितेय!”

“उद्या दहा वाजेपर्यंत वेळ आहे,” आयव्हर म्हणाला.

शनिवारी पावणेदहालाच ग्लेनिस अंगणात उभी होती. या खेपेला तिने पक्कं ठरवलं होतं. ह्यू म्हणेल, “मग पुढच्या ऑगस्टला, नेहमीप्रमाणे?” आणि ती म्हणेल, “नाही, मिस्टर पेनफोल्ड.” तिथून पुढचं आपोआप येईल. त्याच्या प्रश्नावर तिचं सगळं बेतलेलं होतं.

गाडी भरून आली. मागची बाजू जरा जास्तच भरलेली होती. ह्यू उतरला, चावी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “बरं मग.”

ग्लेनिस वाट बघत राहिली.

“बरं मग,” ह्यू पुन्हा म्हणाला.

“बरं मग,” ग्लेनिस म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पुढच्या प्रश्नाशिवाय तिच्या ‘नाही’ला बसायला जागाच नव्हती. तेवढ्यात फिलिपा उतरली आणि तिने सरळ ग्लेनिसला मिठी मारली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. हात कुठे ठेवावेत ते दोघींनाही समजेना. मग गाडी वळली, टॅम्सिनने काचेतून हात हलवला, आणि गेली.

“म्हणजे आता विचारायचीसुद्धा गरज उरली नाही,” ग्लेनिस आयव्हरला म्हणाली. “इतकं गृहीत धरलंय त्यांनी. पुढच्या वर्षीचं ठरलंच समज. लॉर्नाला मी काय सांगू आता? बाराला यायचीय ती.”

ग्लेनिस चादरी काढायला एकटीच कॉटेजवर गेली. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकली.

मांडणी रिकामी होती. हिरवे नव्हते, निळे नव्हते, काळे नव्हते. त्यांच्या जागी लाकडावर बुटांच्या तळव्यांचे सहा फिकट ठसे तेवढे उरले होते. कडेला वर्तमानपत्राच्या घडीवर लाल बूट ठेवलेले होते, धुऊन, पुसून, आत कागदाचे बोळे भरून. एका बुटात चिठ्ठी होती. ‘नेडला या हिवाळ्यात मोठे होतील. पुढच्या हिवाळ्यात बरोबर बसतील.’

ग्लेनिस तशीच आत गेली आणि पाहुण्यांची वही उघडली. दर वर्षी त्या वहीत फिलिपाच्या नेटक्या अक्षरात तेच असायचं. ‘सुंदर आठवडा. घर नेहमीसारखंच उबदार. पुढच्या ऑगस्टला भेटूच.’ अठरा वेळा तेच. या वर्षी पान भरलेलं होतं, आणि अक्षर ह्यूचं होतं.

‘प्रिय लॉर्ना,

वरच्या छोट्या खोलीत नेडचा पलंग खिडकीखाली लावू नकोस. तिथे गळतं. पश्चिमेकडून पाऊस आला की साधारण तासाला एक टब भरतो. पहिल्या वर्षापासून गळतंय. पलीकडची भिंत कोरडी आहे.

पहिल्या माणसाच्या अंघोळीनंतर गरम पाणी उरत नाही. नेडला आधी घाल.

पूर्वेचा वारा असेल तर चूल पेटवू नकोस, सगळा धूर घरात येतो. जिन्याची चौथी पायरी सैल आहे, नेड चालायला लागलाय म्हणून सांगतो. मोठ्या पलंगाच्या मधोमध झोपू नये. उंदीर एकच आहे, पण तो दर वर्षी असतो.

बाकी घर फार चांगलं आहे. आमच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले एकोणीस आठवडे आम्ही इथे काढले.

ह्यू, फिलिपा, टॅम्सिन.’

ग्लेनिसने ते दोनदा वाचलं. आधी तिला राग आला. एकोणीस वर्षं गळतंय आणि आज सांगतात! थंड पाण्याने अंघोळ करतात आणि भरपूर आहे म्हणतात! पाय शेकतात म्हणे! मग तिला रडू आलं, आणि इतकं आलं की वही ओली होऊ नये म्हणून तिने ती पलीकडच्या खुर्चीवर ठेवली. त्यांना सगळं कळलं होतं. तिच्या तोंडून जे निघेना ते तिला म्हणावं लागू नये म्हणून ती माणसं आपले बूट उचलून गुपचूप निघून गेली होती.

बाराला लॉर्ना आली तेव्हा आई कॉटेजच्याच स्वयंपाकघरात डोळे सुजवून बसलेली.

“सांगितलंस?”

“नाही.”

“आई!” लॉर्नाने नेडला खाली ठेवलं. “संपलं मग. जाते मी लीड्सला.”

“गप बस आणि हे वाच,” ग्लेनिस म्हणाली, आणि वही तिच्याकडे सरकवली.

लॉर्नाने वाचलं. उभ्याने वाचायला सुरुवात केली आणि शेवट बसून वाचला. नेड तेवढ्यात लाल बुटांपर्यंत पोहोचला होता.

“तुला माहीत होतं गळतं ते?” शेवटी तिने विचारलं.

“मला कोण सांगणार?”

“मला माहीत होतं,” दारातून आयव्हर म्हणाला. त्याच्या खांद्यावर शिडी होती. “कोणी तक्रार केली नाही, म्हणून राहिलं.”

दोघी मायलेकी त्याच्याकडे बघत राहिल्या. तो शिडी घेऊन घराला वळसा घालून मागे गेला, आणि थोड्या वेळाने छपरावरून कौलं सरकवल्याचा आवाज येऊ लागला.

त्या दुपारी ग्लेनिसने पत्र लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर हवेविषयी लिहिलं, तो फाडला. दुसऱ्यावर आभार मानले, तोही फाडला. तिसऱ्यावर मात्र तिने जे मनात होतं ते लिहिलं, एका दमात, आणि पुन्हा न वाचता पाकीट चिकटवून टाकलं.

‘प्रिय फिलिपा,

मला एक सांगायचं होतं ते मी सांगू शकले नाही, आणि तुम्ही मला सांगू दिलं नाहीत. तुमचे बूट घेऊन परत या. आमच्या घरात मागची एक खोली रिकामीच असते. पुढच्या ऑगस्टला, नेहमीप्रमाणे. भाडं घेणार नाही.

आधीच सांगून ठेवते, तिथेही गळतं.

ग्लेनिस’